आधी झाडू, मग खुर्ची

मंडळी, परवा अकोल्याच्या मामांनी फोनवर विचारलं, "कुलगुरू कसा पायजे बे?" मी म्हटलं, झाडू धरणारा!

हसू नका. अमरावतीच्या विद्यापीठाला (स्थापना १९८३) गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. आपण मात्र कुलगुरू निवडताना शोधनिबंध आणि प्राध्यापकीची वर्षं मोजतो. इथे शिकणारी पोरं कोणाची? कापूस बुडालेल्या घरांतली! त्यांचं दुखणं कळणार कधी? पाच वर्षांची मुदत फायली समजण्यातच सरते.

म्हणून माझं म्हणणं : रुजू होण्याआधी पंधरा दिवस मेळघाटात, पंधरा दिवस दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात मुक्काम करा. खरं प्रशिक्षण तिथेच, हॉटेलातल्या कार्यशाळेत नव्हे.

खुर्ची कुठे पळून जात नाही... पोरं मात्र पुण्याला निघून चाललीत.