डासाने रक्त कोणाचे प्यायले?

हिवतापावरील खर्चाची चर्चा निघाली की औषध किती टन फवारले, मच्छरदाण्या किती वाटल्या, हेच आकडे पुढे येतात. ज्या डासासाठी हा खटाटोप, तो रात्री कोणाचे रक्त पितो हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कीटकशास्त्रात नाक खुपसण्याचे कारण एवढेच.

ग्रामीण भारतातील हिवतापाचा एक प्रमुख वाहक, अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस, याचा ओढा माणसापेक्षा गुरांकडे अधिक. फ्लुव्हिएटिलिस या दुसऱ्या वाहकाच्या उपजाती दिसायला सारख्याच. पण त्यांपैकी ‘एस’ माणसावर तुटून पडते, ‘टी’ गोठ्यात रमते. पूर्वी डासाच्या पोटातील रक्त गाळणकागदावर टिपून रक्तद्रवाच्या चाचणीने ते माणसाचे की गुराचे हे ठरवीत. आता त्याच ठिपक्यातील सायटोक्रोम-बी या जनुकावरून प्राणी ओळखता येतो. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते. साक्ष देतात त्या थोड्याशा पांढऱ्या पेशी! तीही घाईने घ्यावी लागते, कारण दीड-दोन दिवसांत डास पुरावा पचवून टाकतो.

परंतु केवळ गोठ्यात पकडलेल्या डासांच्या पोटात गुरांचेच रक्त सापडणार. साखर कारखान्याच्या संचालकांत दारिद्र्याची पाहणी करण्याचाच हा प्रकार. घर, गोठा व उघडे रान या तिन्ही ठिकाणचे डास हवेत, शिवाय गावातील माणसांची व गुरांची गणतीही.

पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांच्या वसाहतींत गुरांच्या अंगालाच कीटकनाशक लावून हिवताप घटविल्याचा प्रयोग २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील वाहक गुरांकडे जाणारे होते, म्हणून ते साधले. ‘एस’च्या प्रदेशात हाच पैसा पाण्यात जाईल. १९५८ च्या निर्मूलन मोहिमेत आपण देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी मारले. १९६५ च्या सुमारास लाखावर आलेले रुग्ण १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेले. कारणे अनेक होती, डास औषधाला सरावले हे त्यांतले एक. तथापि एकच मात्रा सर्वत्र देण्याची आपली खोड अजून गेलेली नाही.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात फवारणीची आखणी होण्यापूर्वी दर हंगामात हे ठिपके तपासले जावेत. त्यासाठी प्रयोगशाळा तेथेच हवी असे नाही, वाळलेला कागद टपालानेही जातो. हवा तो पहाटे घरांत आणि गोठ्यांत शिरून डास धरणारा प्रशिक्षित कीटक समाहारक. त्याचा पगार फवारणीच्या तरतुदीतूनच काढावा.