“अलाइनमेंट करून घे!”

“गाडी एका बाजूला ओढते” असं नुसतं म्हणून बघा. कँटीनमध्ये म्हणा, पार्किंगमध्ये म्हणा, नाहीतर आमच्या डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये. दहापैकी नऊ जण एकच उत्तर देतील, “अलाइनमेंट करून घे.” दहावा सिव्हिलचा असतो, तो म्हणतो रस्त्यातच दोष आहे. (आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तोच बरोबर असतो. त्याच्याकडे नंतर येते.)

माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर इंजिनिअरचं नाही. डोकं दुखतंय म्हटलं की प्रत्येकाला चष्म्याचा नंबर बदलायला सांगणारा डॉक्टर आपण दुसऱ्यांदा गाठू का? गाडीच्या बाबतीत मात्र आपण पैसे देतो, छापील कागद घेतो, आणि गाडी तशीच डावीकडे ओढत घरी येते.

आमच्या मामाची २००५ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबली, त्यामुळे तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ती कधीतरी होतीच. मामा सांगलीहून महिन्यातून दोनदा आंबा घाटाने रत्नागिरीला जातो. गाडी डावीकडे ओढायला लागली तेव्हा त्याने एका दुकानात दोनदा अलाइनमेंट केली. दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे! तिसऱ्यांदा गेल्यावर तिथला माणूस म्हणाला, “चासी वाकलीय. विकून टाका.” आता या गाडीला वेगळी चासी नसतेच, मोनोकॉक बॉडी असते. पण मामा कॉमर्सचा, तो घाबरला. त्याला नवी गाडी परवडणारी नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला एकच प्रश्न विचारला. कधी ओढते? तो म्हणाला, “सकाळी निघाल्यावर दोन-तीन किलोमीटर अगदी सरळ जाते गं. मग ओढायला लागते.”

मित्रांनो, अर्धं निदान या एका वाक्यात आहे. चाकांचे कोन सकाळी एक आणि दुपारी दुसरे असं होत नाही. ओढ जर गाडी चालल्यावर, दोन-चार ब्रेक मारल्यावर सुरू होत असेल तर कोनांकडे बघण्याआधी ब्रेककडे बघायला हवं. दुकानात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आणि अलाइनमेंटचं मशीन कितीही भारी असलं तरी ते उभ्या गाडीचे कोन मोजतं. अडकलेला ब्रेक त्याला दिसणार कसा?

तरीही आम्ही क्रम सोडला नाही, कारण फुकटच्या तपासण्या आधी करायच्या असतात. पहिली हवा. गाडी थंड असताना चारही चाकांची, गेज लावून, नुसती लाथ मारून नाही. पुढच्या एका चाकात हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला जाते. आमच्याकडे हवा ठीक होती.

मग रस्ता. इथे सिव्हिलवाल्याला सलाम! आपला दोन लेनचा रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, डांबरी रस्त्याला साधारण दोन टक्के. पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, म्हणून चांगली गाडीसुद्धा हात सोडला की हळूहळू डावीकडेच सरकते. (अमेरिकन पुस्तकांत गाडी उजवीकडे सरकते असं वाचून गोंधळू नका, ते लोक चालतातच उजवीकडून.) तर एखादं सपाट, रिकामं मैदान किंवा रविवारचा एमआयडीसीचा ओसाड रस्ता गाठायचा. तिथे गाडी सरळ गेली तर दोष गाडीत नाही, खिशात हात घालू नका. मामाची गाडी सपाट मैदानातही डावीकडेच गेली.

तिसरी तपासणी माझी सगळ्यात आवडती, कारण तिला फक्त जॅक, पाना आणि अर्धा तास लागतो. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावायची. रेडियल टायर आतून थोडा शंकूसारखा बनलेला असू शकतो, आणि शंकू जमिनीवर कसा गोल फिरत जातो ते वाटीने करून बघा. चाकं बदलल्यावर ओढ डावीकडची उजवीकडे गेली तर दोष टायरचा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग नको.) आमची ओढ जागची हलली नाही. टायर सुटले!

मग ब्रेक. पाच किलोमीटर गाडी चालवली, थांबवली आणि पुढच्या चाकांजवळ हात नेला. जवळ म्हणते, डिस्कला हात लावू नका! उजवं चाक कोमट, डावं तव्यासारखं. मागच्या चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला आणि जॅक लावून चाक हाताने फिरवून पाहिलं. उजवं फिरलं, डावं हलेना. गल्लीतले गॅरेजवाले काका एव्हाना येऊन उभे होते. आधी ते मला म्हणाले, “ताई, तुम्ही बाजूला व्हा, कपडे खराब होतील.” मग त्यांनीच कॅलिपरचा ब्लीडर निपल सैल केला. जोरात ब्रेक ऑइल उडालं आणि चाक सुटलं!

याचा अर्थ असा. निपल उघडूनही चाक अडकलेलंच राहिलं असतं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना गंजल्यात. इथे चाक सुटलं, म्हणजे आत दाब कोंडला होता. मास्टर सिलिंडर दोषी असता तर एकटं एकच चाक अडकलं नसतं. उरला तो रबरी होज. जुना होज बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतून फुगतो. पायाचा जोर ऑइलला पुढे ढकलतो, परत यायला मात्र वाट मिळत नाही. होज, नवं ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून सातशेच्या आत काम झालं. दोन अलाइनमेंटचा खर्च त्याहून जास्त होता.

मी पैशांसाठी एवढं लिहीत नाहीये. डॉट थ्री ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांला उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि ओलं झाल्यावर त्याची हमी १४० पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पेडल सरळ खाली. घासत राहिलेलं ते डावं चाक घेऊन मामा आंबा घाट उतरत होता, खिशात हिरव्या आकड्यांचा कागद ठेवून.

अलाइनमेंटवाल्यांवर माझा राग नाही. टाय रॉड एंड बदलल्यावर, मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर ते लागतंच. पण ८०० च्या पुढच्या चाकांना ॲडजस्ट करता येतो तो फक्त टो, आणि पुढचा टो बिघडला तर स्टीअरिंग वाकडं बसतं, टायर घासतात, गाडी सहसा ओढत नाही. ओढ येते ती दोन बाजूंच्या कँबर किंवा कॅस्टरमध्ये फरक पडला तर, म्हणजे बसलेली स्प्रिंग, फाटलेले लोअर आर्मचे बुश, वाकलेला स्ट्रट. (कॅस्टरला मराठी शब्द मला माहीत नाही आणि गॅरेजवाल्या काकांना तो नको आहे.) बुश फाटलेले ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर ड्रॉइंग काढणं.

आता आपल्याबद्दल. व्हायवात आम्ही कॅस्टरची व्याख्या घडाघडा म्हणतो. लॅबमध्ये लाल-पिवळा रंगवलेला ब्रेकचा कट-सेक्शन आहे, तो कधीच गरम होत नाही आणि कधीच अडकत नाही. मला वाटतं लॅबला एक चालती जुनी गाडी हवी. सरांनी तिच्यात गुपचूप एक बिघाड करून ठेवावा आणि मार्क द्यावेत ते कोणता प्रश्न आधी विचारला, कोणती तपासणी कशानंतर केली याला. बिघाड सापडला नाही तरी क्रम बरोबर असेल तर निम्मे मार्क.

गाडी कुठून आणायची हा प्रश्न मीटिंगमध्ये निघेल, म्हणून आधीच सांगते. स्टाफ पार्किंगच्या दुसऱ्या रांगेत जी पांढरी गाडी उभी असते, ती डावीकडे ओढते. तिच्या पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड उजव्यापेक्षा जास्त झिजली आहे, ते आम्ही येता-जाता पाहिलं आहे. सर, एक शनिवार द्या.