झेरॉक्स मशीनपाशी सुरू झालेले औषध

कोरोनाच्या काळात आपल्या वस्तीत बहुतेकांनी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. अमेरिका-युरोपात मात्र कोट्यवधी लोकांना आरएनएची लस टोचली गेली. ‘ती लस माणसाचा डीएनए बदलते’ असे मेसेज तेव्हा आपल्याही फोनवर फिरत होते. ते खोटे होते. डीएनए म्हणजे पेशीतले मूळ दप्तर, आरएनए ही त्यातून उतरवून घेतलेली चिठ्ठी. ती वाचून पेशी प्रथिन बनवते, आणि चिठ्ठी लवकरच नष्ट होते. दप्तराला हात लागत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. प्रयोगशाळेत बनवलेली चिठ्ठी अंगात सोडली की शरीराला वाटे, विषाणूच शिरला. मग दाह सुरू होई. म्हणून या औषधाचा नाद अनेकांनी सोडला होता. कॅटलिन कॅरिको यांनी सोडला नाही. हंगेरीतल्या एका खाटकाची ही मुलगी. लहानपणी घरात नळसुद्धा नव्हता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांना अनुदान मिळेना, १९९५ साली खालच्या पदावर ढकलले गेले. तरी त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. पुढे झेरॉक्स मशीनपाशी त्यांची ड्र्यू वाइसमन यांच्याशी ओळख झाली आणि दोघांनी मिळून काम सुरू केले.

आरएनए ४ अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातल्या युरिडिनच्या जागी त्याचे जरा बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातले की शरीर खवळत नाही, हे त्यांनी दाखवले. हे रूप आपल्या पेशींतही मुळातच असते. निबंध २००५ साली छापून आला. फारशी दखल कोणी घेतली नाही! १५ वर्षांनी याच बदलाच्या पुढच्या रूपावर फायझर आणि मॉडर्नाच्या लसी उभ्या राहिल्या, आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले.

आता आम्हाला बोलायचे आहे ते आपल्या घरांबद्दल. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला आपण विचारतो, ‘अजून किती वर्षं शिकणार?’ तिची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते, खोलीचे भाडे थकते, आणि ती प्रयोगशाळा सोडून शिकवण्या घेऊ लागते. कॅरिकोबाईंची नोकरी निदान चालू होती, पगार येत होता. आपल्या मुलीकडे तेवढेही नसते. फेलोशिप वेळेवर देणे हे सरकारचे काम आहे, उपकार नव्हे. त्यासाठी मोर्चा निघाला तर त्यात आई-वडिलांनीही चालावे.

आणखी एक. बारावीनंतर विहारात सत्कार होतो तो मेडिकल-इंजिनिअरिंगला लागलेल्यांचा. साध्या बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलीचे नाव यादीत नसते. यंदा ते घाला.