रुग्णवाहिकेत कोण बसणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील घरोघरी एकच चर्चा सुरू होते. गुण भरघोस असतील तर डॉक्टर, थोडे कमी पडले तर परिचारिका किंवा औषधनिर्माता, आणि यांतले काहीच न जमल्यास परदेशातील नोकरी. या यादीत एक व्यवसाय कधीच आढळत नाही. अपघातस्थळी धावून जाणाऱ्या, रुग्णाला इस्पितळापर्यंत जिवंत पोहोचविणाऱ्या तंत्रज्ञाचा, म्हणजेच 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन'चा. एखाद्या मुलाने धीर करून हे नाव काढलेच, तर 'म्हणजे अँब्युलन्सवरचा पोऱ्या होणार काय?' असे त्याला ऐकावे लागते. या प्रश्नातील तुच्छतेविरुद्ध आम्हांला लिहावयाचे आहे. शेजारप्रीतीचा धडा दर रविवारी ऐकणाऱ्या समाजाने या कामाला हलके मानावे, ही विसंगती आम्हांला असह्य वाटते.

उदाहरणासाठी आम्ही धाराशिव जिल्हा निवडतो. पूर्वीचे उस्मानाबाद आपल्या वाचकांना ठाऊक आहे ते जानेवारी 2020 मधील 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष, म्हणून आपल्या सर्वांना केवढा अभिमान वाटला होता! पण त्या मांडवाबाहेरचा जिल्हा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? आठ तालुक्यांचा हा बव्हंशी कोरडवाहू मुलूख. नीती आयोगाने 2018 साली महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांना 'आकांक्षित' ठरविले, त्यांत याचा समावेश झाला. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, अणदूर, उमरगा असा येथून जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करीत बीडकडे वळतो. आश्विनी पौर्णिमेला हजारो भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी येतात. उसाने लादलेल्या ट्रॉल्या रात्रीच्या काळोखात याच रस्त्यांवरून चालतात. सोयाबीनच्या मळणीयंत्रात कोणाचा हात सापडतो, फवारणी करताना कोणाच्या अंगात विष भिनते, रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला घोणस किंवा मण्यार दंश करते. 2022 पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आनंदाची गोष्ट. तरीही अत्यवस्थ रुग्णाला पुष्कळदा सोलापूर गाठावे लागते. ते तुळजापूरहून सुमारे 45 किलोमीटर, उमरग्याहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. इस्पितळ कितीही मोठे बांधा, त्याच्या दारापर्यंत मनुष्य जिवंत पोहोचला तरच त्याचा उपयोग.

त्या वाटेवर काय घडते? हृदय थांबले आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. जमलेली माणसे कनवाळू असतात. ती जखमीला हातापायांना धरून उचलतात आणि काळी-पिवळी जीपमध्ये घालतात. मणक्याला आधीच इजा झाली असेल तर या एका उचलण्याने तो मनुष्य जन्माचा पांगळा होऊ शकतो. सर्पदंश झालेल्याच्या पायाला करकचून दोरी बांधली जाते, जखम चिरली जाते. दोन्ही उपाय घातक. दया आहे, पण दयेला शिक्षण नाही.

हे शिक्षण म्हणजेच तंत्रज्ञाचा व्यवसाय. श्वासमार्ग मोकळा आहे काय, श्वास चालू आहे काय, रक्त किती वाहते आहे, हे तो प्रथम पाहतो. हृदय थांबले असेल तर मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबतो. दर तीस दाबांनंतर दोन श्वास देतो. मान पट्ट्याने स्थिर करतो, मोडलेल्या हाडाला आधार देतो, प्राणवायू लावतो, वाटेत प्रसूती झाली तर बाळ-बाळंतिणीला सांभाळतो. बस उलटून वीस जण जखमी झाले तर आधी कोणाला न्यावयाचे हे ठरवितो. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याआधी जो गप्प पडला आहे त्याच्याकडे जाण्याचे धैर्य त्याला लागते. शेवटी इस्पितळातील डॉक्टरांना रुग्णाची सारी हकीकत नेमक्या शब्दांत सांगतो आणि लिहून देतो. बारावीनंतर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा मूलभूत अभ्यासक्रम आहे; पुढे पदविका आणि पदवीही घेता येते. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या तंत्रज्ञाला आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. कायद्याने जे मानले ते आपली घरे केव्हा मानणार?

पहिला आक्षेप असा की, 108 च्या गाडीत डॉक्टर असतो, मग तंत्रज्ञ कशाला? महाराष्ट्रात ही सेवा 26 जानेवारी 2014 रोजी सुरू झाली. 937 गाड्यांची ती योजना; 233 प्रगत सामग्रीच्या, 704 मूलभूत. आपल्या राज्याने गाडीत डॉक्टर ठेवण्याचे धोरण पत्करले. त्यांत आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे पदवीधर बहुसंख्य. त्यांच्या श्रमांचा आम्हांला आदरच आहे. पण उमरग्याजवळची शीव ओलांडून कर्नाटकात गेले की 2008 साली सुरू झालेल्या 'आरोग्य कवच' योजनेच्या गाडीत तंत्रज्ञ किंवा परिचारक रुग्णाजवळ बसलेला दिसतो. हैदराबादेत 2005 साली सुरू झालेल्या 108 सेवेची पद्धत हीच. गाडीत डॉक्टर असला तरी छाती दाबणे, श्वास देणे आणि सामग्री हाताळणे ही कामे एकट्याने कशी करावीत? शिवाय स्वतःचा दवाखाना थाटण्याच्या आशेने शिकलेल्याला ही गाडी मधला मुक्काम वाटणे स्वाभाविक आहे. तंत्रज्ञाचे तेच आयुष्याचे कार्यक्षेत्र असते. आणि खाजगी रुग्णवाहिकांचे काय? त्यांत पुष्कळदा चालक आणि घाबरलेला नातेवाईक, एवढेच असतात.

दुसरा आक्षेप पालकांचा. रात्रपाळी, रक्त, तुटपुंजे वेतन, कंत्राटी नेमणूक; मुलीला तर असल्या नोकरीत कोण पाठवील? यातील वेतनाची तक्रार खरी आहे. पण श्रमिकाला न्याय्य वेतन मिळावे हे पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात ठामपणे सांगितले. त्या शिकवणीप्रमाणे कमी वेतनाविरुद्ध भांडावे लागेल. कमी वेतनाचे काम करणाऱ्याला हिणविण्याची मुभा ती देत नाही. आणि मुलींविषयी म्हणाल, तर आपल्याच घरांतल्या मुली परिचारिका होऊन आखाती देशांत रात्रपाळ्या करतात आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांतून घरे उभी राहतात. तेथे चालणारी रात्र येथे कशी चालत नाही?

तिसरा आक्षेप आपल्या संस्थांचा: 'आम्ही इस्पितळे चालवितो, तेवढे पुरे.' ख्रिस्तसभेचा इतिहास याहून उदार आहे. फ्लॉरेन्स शहरातील मिझेरिकोर्दिया हा प्रापंचिकांचा बंधुसंघ 1244 पासून आजारी माणसांना खांद्यावर वाहत आला आणि आज तोच संघ रुग्णवाहिका चालवितो. संत कामिलस यांच्या संघाला 1586 साली मान्यता मिळाली; त्याचे बंधू छातीवर तांबडा क्रूस लावून रणांगणावरील जखमींच्या सेवेला गेले. रेड क्रॉस संघटना जन्मली ती 1863 साली. रुग्ण येईपर्यंत वाट पाहणे ही आपली मूळ परंपरा नव्हे.

धाराशिवच्या मातीतही असा धडा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा उमरगा-लोहारा भागातील ढिगाऱ्यांवर पहिले हात पडले ते शेजाऱ्यांचेच. बाहेरची मदत मागाहून आली. याच जिल्ह्यात अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. जेमतेम शिकलेल्या बाया गावाच्या आरोग्याचा भार वाहू शकतात, तर आपली बारावी झालेली मुले काय करू शकणार नाहीत?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने दरवर्षी निदान एका होतकरू तरुणाच्या वा तरुणीच्या या शिक्षणाचा खर्च उचलावा. आपल्या इस्पितळांनी त्यांना प्रात्यक्षिकासाठी दारे उघडावीत आणि आपल्या रुग्णवाहिकांत कायम, पुरेशा वेतनाच्या जागा निर्माण कराव्यात. आणि शासनाने 108 सेवेत तंत्रज्ञाचे पद निर्माण करावे, यासाठी आपण सर्वांनी आवाज उठवावा. जखमीला मदत करणाऱ्याने पोलिसांना भिण्याचे कारणही आता उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याने काय केले ते पुन्हा वाचा. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत पोहोचविले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली आणि खर्चाची सोय लावली. तो हळहळलाही, पण हळहळून थांबला नाही. त्याच्याजवळ साहित्य होते आणि ते कसे वापरावे हे त्याला ठाऊक होते. बाजूने निघून गेलेल्या दोघांत एक याजक होता, हे आम्ही विसरलेलो नाही. आपला मुलगा उद्या म्हणाला की मला त्या शोमरोनीचे काम शिकावयाचे आहे, तर त्याला पोऱ्या म्हणू नका. त्याला प्रवेशाचा अर्ज आणून द्या.