प्रश्नपत्रिका कोणी काढावी?

बुद्धिमान यंत्रणांच्या गुणवत्तेची ग्वाही आजवर बहुतांशी त्यांच्या निर्मात्यांनीच दिली आहे. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी, उत्तरे तपासावीत आणि निकालही जाहीर करावा, असा हा प्रकार होय. म्हणूनच ब्रिटनच्या शासकीय एआय सुरक्षा संस्थेने मे २०२४ मध्ये 'इन्स्पेक्ट' हे चाचणीचे सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले, ही घटना केवळ तांत्रिक नव्हे.

या साधनात प्रश्नसंच, उत्तर मिळविण्याची रीत आणि गुणदान हे भाग स्वतंत्र ठेवलेले आहेत. एक बदलला तरी उरलेले वापरता येतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणा एकाच कसोटीवर घासून पाहता येतात. ही लवचीकता अपरिहार्य आहे. सांख्यिकी संबंधाचा नियंत्रणासाठी वापर होऊ लागला की तो संबंधच ढासळतो, असे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात दाखविले. येथेही तेच घडते. प्रसिद्ध झालेले प्रश्न प्रशिक्षणाच्या मजकुरात मिसळतात आणि यंत्र गाईड पाठ केलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे उत्तम गुण मिळविते. सबब, प्रश्न सतत बदलले पाहिजेत.

दुसरा धोका सरासरीचा. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी यंत्रणांची तपासणी अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. सावळ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकत्रित आकड्याने ही तफावत झाकली असती.

भारताने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःची एआय सुरक्षा संस्था स्थापण्याची घोषणा केली. चाचणीचे साधन उसने घेण्यात कमीपणा नाही. किंबहुना ते सार्वजनिक असल्याने खर्चाची बचतच आहे. प्रश्न मात्र उसने आणून चालणार नाहीत. इंग्रजीत उत्तीर्ण झालेली यंत्रणा सातबाऱ्यावरील नोंदीचा किंवा विधवेच्या मराठी अर्जाचा अर्थ बरोबर लावील, याची हमी कोण देणार? ते प्रश्न येथल्या तलाठ्यांनी, परिचारिकांनी व शिक्षकांनीच काढावयास हवेत.

तथापि साधन केवळ मोजते, निर्णय देत नाही. अनुत्तीर्ण यंत्रणेला सरकारी कचेरीचे दार बंद राहील, असा नियम होत नाही तोवर ही परीक्षा निष्फळ होय. अन्यथा यंत्राच्या चुकीची किंमत त्याचा निर्माता नव्हे, खिडकीपुढे उभा असलेला अर्जदारच मोजीत राहील.