लक्षद्वीपला निघण्याआधी

मालदीव नको, तो खर्च झेपणार नाही. गोवा नको, तिथल्या किनाऱ्यावर सासू-सुना, लेकीबाळींना घेऊन मोकळेपणाने बसता येत नाही. आणि अलिबाग-काशीद म्हणाल तर ते आता रविवार संध्याकाळच्या उपवन तलावासारखे झाले आहे, माणसांच्या डोक्यांपलीकडे पाणी दिसत नाही. सुट्टीचा विषय निघाला की वर्तकनगरात आमच्या ओळखीच्या घरांत ही तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. मग कुणीतरी लक्षद्वीपचे नाव काढते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर ते नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आले. आपल्या घरांत त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते : "तिथे सगळे आपलेच लोक आहेत, काही अडचण येणार नाही."

अडचण येते. म्हणूनच हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. कोचीपासून अरबी समुद्रात २२० ते ४४० किलोमीटरवर विखुरलेली ही ३६ बेटे. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर. वस्ती १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती, म्हणजे आपल्या ठाण्यातल्या एखाद्या भागाएवढी, आणि त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. ही बेटे शांत राहिली ती कुणाचे लक्ष गेले नाही म्हणून नव्हे. १९६७ च्या नियमांनुसार तिथे बाहेरच्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. ही अट काहींना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. एवढ्याशा जमिनीवर गर्दी सोडली तर काय होते, हे आपण आपल्या कोकण किनाऱ्यावर पाहिले आहे.

तेव्हा तयारीची सुरुवात बॅगेपासून नको, कागदांपासून करा. परवान्याच्या अर्जाबरोबर पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले जाते. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, पण पडताळणी तुम्ही राहता त्या भागाच्या पोलीस ठाण्याकडून होते. वर्तकनगरातल्या बऱ्याच कुटुंबांचा खरा घोळ इथेच होतो. म्हाडाच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, माणसे भाड्याने दुसरीकडे राहू लागली, आणि आधार कार्डावर मात्र जुनाच पत्ता. भाडेकरार नोंदणीकृत नसेल तर तो आधी नोंदवून घ्या. तिकिटे काढून मग पोलीस ठाण्याच्या चकरा मारण्यापेक्षा दोन महिने आधी हे काम उरकलेले बरे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी वाचा. शेजारच्या मुलाने मोबाइलवर दाखवलेला व्हिडिओ पुरेसा नाही.

बहुतेक कुटुंबांना सोपा मार्ग म्हणजे प्रशासनाच्याच 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची सहल. ही संस्था १९८२ पासून काम करते आणि परवान्याच्या कामातही मदत करते. त्यांची 'समुद्रम्' नावाची सहल कवरत्ती, कलपेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे दाखवते. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. खासगी एजंटकडून जायचे असेल तर तो प्रशासनाच्या यादीत आहे का ते पाहा आणि परवाना हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने चौघांचे पैसे आगाऊ भरले, आणि परवाने न आल्यामुळे कोचीतच चार दिवस काढून परत आले. मुलांनी फोर्ट कोचीतली चिनी जाळी पाहिली, एवढेच समाधान.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल. हा विषय मी जरा सविस्तर घेणार आहे, कारण सहल ठरताना तो शेवटी निघतो आणि तोपर्यंत तिकिटे निघालेली असतात. कोचीहून जहाजाला बेटानुसार साधारण १४ ते २० तास लागतात. जहाज मोठे असते, 'एम. व्ही. कवरत्ती'वर ७०० प्रवासी मावतात, झोपायला बर्थ असतो, खाण्याची सोय असते. तो प्रवास अम्मी-अब्बांना जमेल. त्रास होतो तो उतरताना. कित्येक बेटांवर मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच नांगर टाकते. मग जहाजाच्या बाजूच्या दारातून लहान होडीत उतरायचे. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते, खलाशी हात धरतात, पण पाऊल योग्य क्षणी आपणच टाकायचे असते. परत येतानाही तेच. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा चक्कर येणाऱ्या माणसाने हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना न्यायचेच असेल तर कोचीहून विमानाने अगत्तीला जा आणि तिथेच मुक्काम करा. तीन बेटांचा हव्यास सोडा. हृदयविकार किंवा गंभीर मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बेटांवर दवाखाने आहेत, पण आजार बळावला तर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते आणि हेलिकॉप्टर हवामानावर अवलंबून असते.

वेळ कोणती निवडावी? आपल्या शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि नेमका मे महिन्याच्या मध्यापासून तिथला समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यात तर विचारच नको. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी बरी. रमजानमध्ये बेटांवरचा दिनक्रमच बदललेला असतो. तेव्हा जाऊन कुणाला आपल्यासाठी दुपारचे जेवण रांधायला लावण्यात अर्थ नाही. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. कल्याणहून मंगला एक्स्प्रेस मिळते, आणि तिचे पूर्ण नाव 'मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस' असे आहे, जरी ती एर्नाकुलमपर्यंतच जाते! जाताना कोचीत एक दिवस आणि येताना दोन दिवस हाताशी ठेवा. हवामानामुळे जहाजाचे वेळापत्रक सरकते, आणि परतीची गाडी चुकली तर पाच माणसांची नवी तिकिटे ऐन सुट्टीत मिळत नाहीत.

'आपलेच लोक' या शब्दांकडे पुन्हा येते. काही बाबतींत ते खरे आहे. खाण्याची चिंता नाही : ट्यूना मासा, नारळ, भात. बंगाराम सोडले तर बेटांवर दारूबंदी आहे, तेव्हा बेट निवडताना हे लक्षात ठेवा. नमाजला मशीद शोधावी लागत नाही. कवरत्तीची उजरा मशीद तिच्या कोरीव लाकडी छतासाठी प्रसिद्ध आहे. तिथले लोक शाफई आहेत. कोकणी मुसलमानांना त्यामुळे घरच्यासारखे वाटेल. हनफी घरांना अस्रची अजान जरा लवकर झाल्यासारखी वाटेल. आपला कोकण, केरळ आणि ही बेटे एकाच समुद्राच्या व्यापाराने जोडली गेली होती, त्याची ही खूण. आंद्रोत बेटावर हजरत उबैदुल्लाह यांची कबर आहे. त्यांनीच इथे इस्लाम आणला असे परंपरा सांगते.

पण भाषा वेगळी, रीत वेगळी. बहुतेक बेटांवर मलयाळमची जेसरी ही बोली बोलतात. मिनिकॉयमध्ये तीही नाही. तिथे महल भाषा, जी मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, आणि थाना लिपी, जी उजवीकडून डावीकडे लिहितात. मुलांना एक गंमत सांगा : या लिपीची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घेतली आहेत. कायदा शिकलेल्या मुलांना ती ओळखायचा खेळ करता येईल.

त्याहून मोठी गोष्ट घरातल्या बायकांनी ऐकण्यासारखी आहे. या बेटांवर पूर्वापार वंश आणि घराण्याची मालमत्ता आईच्या बाजूने चालत आली. लग्न झाले तरी मुलगी आपले घर सोडत नाही, नवरा तिच्या घरी येतो. मालमत्तेचे दोन प्रकार आहेत. घराण्याची ती 'शुक्रवारची', ती आईच्या वंशात राहते. माणसाने स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', तिची वाटणी शरियतप्रमाणे होते. मिनिकॉयच्या गावांत पुरुषांचा प्रमुख वेगळा आणि बायकांची प्रमुख वेगळी असते. आपल्याकडच्या एखाद्या काकांना हे ऐकून तिथे जाऊन दीनचे धडे द्यावेसे वाटतील. कृपा करून त्यांना किनाऱ्यावर बसवून शहाळे द्या. शेकडो वर्षे मुसलमान म्हणून जगणाऱ्या त्या लोकांनी आपल्याकडे फतवा मागितलेला नाही.

कपड्यांबाबतही हेच. पर्यटक म्हणून आलो म्हणजे गावाच्या वस्तीतून कसेही फिरावे असे नाही. पोहायला अंगभर पोहण्याचा पोशाख न्या, तो तिथे कुणाला खटकत नाही. प्रवाळाच्या कड्याच्या आतले पाणी शांत आणि उथळ असते. मुलांना तिथेच खेळू द्या, जीवरक्षक जाकीट घालून. कड्यापलीकडे एकदम खोल समुद्र आहे. बेटावरच्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या गल्लीत कुणी आपल्या बहिणींचे काढले तर चालेल का?

आणि पाणी. वर्तकनगरात पाणी एक दिवस बंद राहिले की आपण केवढा आरडाओरडा करतो! या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरते आणि खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. जास्त उपसले की विहीर खारट होते. २००५ मध्ये कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी बनवणारा प्रकल्प सुरू झाला, नंतर मिनिकॉय आणि अगत्तीतही झाला. तरी ते पाणी तिथल्या लोकांच्या गरजेतूनच आपल्याला मिळते. समुद्रातून आल्यावर शॉवरखाली अर्धा तास उभे राहू नका, एक बादली पुरते. वजू करतानाही नळ बारीक ठेवा. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध बेटांवरच्या लोकांनी घराघरांत उपोषण केले, त्यामागे हीच भीती होती : जमीन एवढीशी, पाणी एवढेसे, आणि त्यावर बाहेरच्यांचा ताबा आला तर आम्ही जायचे कुठे?

परतताना मुलांच्या खिशात आणि चपलांच्या पिशवीत हात घालून बघा. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. मुले ते शोभेचा दगड समजून ठेवतात. त्याऐवजी मिनिकॉयचे 'मास' आणा. हा उकडून, धुरी देऊन, वाळवलेला ट्यूना, महिनोन्महिने टिकतो. आपल्या सुक्या बोंबलासारखा कुटून कांदा-खोबऱ्यात परतला तर भाकरीबरोबर छान लागतो. डबा मात्र घट्ट झाकणाचा न्या, नाहीतर परतीच्या प्रवासात सगळा डबा तुमच्याकडे बघेल.

रोख रक्कम कोचीतूनच बरोबर घ्या, बेटांवर एटीएम मोजकीच आहेत. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि जहाज सुटण्याआधी द्या, त्रास सुरू झाल्यावर नव्हे. परवान्याच्या प्रत्येकी दोन छापील प्रती जवळ असू द्या. बेटावर उतरल्यावर तो तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवावा लागतो आणि ओल्या हातात मोबाइलचा पडदा नेमका तेव्हाच चालत नाही.