पोडियम तोच, मैदान नवं

फील्ड बदलायची म्हटली की आपण आधी कोर्स शोधतो. म्हणून मला आरी फ्लायशर इंटरेस्टिंग वाटतो. २००१ ते २००३ हा जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा प्रेस सेक्रेटरी. रोज व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांचे तिरके प्रश्न झेलायचे. पुढे त्याने खेळाडूंना आणि क्लबांना मीडियाशी कसं बोलायचं ते सांगणारी स्वतःची कंपनीच काढली. बेसबॉलस्टार मार्क मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड्सची कबुली दिली, तेव्हा सल्लागार हाच. कबुलीचं टायमिंग, मुलाखती, सगळं प्लॅन्ड! पण आपले होमरन्स काही औषधांमुळे नव्हेत, असंही मॅग्वायर म्हणाला आणि टीका पुन्हा सुरू. आता क्लायंटलाच तसं वाटत असेल, तर सल्लागाराने काय करायचं?